बिनमिठाचे धपाटे

लातूरमध्ये अभ्यास कसा करावा हे सांगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतला एक मी आहे. अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. आमची मुलगी सहा महिन्यांची झाली आणि डॉक्टरांनी ‘आता वरचं सुरू करा’ असं सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. दरवर्षी वर्गच्या वर्ग भरून पोरांच्या गळी मी सेंद्रिय रसायनशास्त्र उतरवतो, तिथं एका पोरीच्या गळी वाफवलेला भोपळा उतरवणं म्हणजे कितीसं अवघड, असं मला वाटलं होतं. सराव, चाचणी, पुन्हा सराव, ही आमच्या गावाची रीत. तीच घरात लावायची, की झालं.

माझ्यावर हे काम येण्याचं कारण बायकोची नोकरी. ती शिक्षिका, शाळा गावाबाहेर आणि सकाळची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला रुजू व्हायचं होतं. साडेसहाला घर सोडायचं ते दुपारी एकलाच परत. माझं कॉलेज अकराला, म्हणजे सकाळ सगळी माझ्या वाट्याला. मी निघताना मुलीला गल्लीतल्या पाळणाघरात सोडायचं ठरलं होतं, पण पाळणाघरच्या बाईंची एकच अट होती, लेकरू सकाळचं खाऊन आलं पाहिजे. बाटलीला आमची मुलगी तोंड लावत नव्हती. म्हणजे सकाळचा नाश्ता जमला तरच पुढचं सगळं जमणार होतं. तोवर मी निघाल्यावर बायको घरी येईपर्यंत समोरच्या घरातल्या भाभी लेकराला सांभाळणार होत्या.

संध्याकाळी आईच्या हातून ती वरणभाताचे चार घास मुकाट्यानं गिळायची. सकाळी माझ्या हातून मात्र काही नाही. चमचा दिसला की ओठ घट्ट. मी नाचणीचं सत्त्व केलं, ते तिनं माझ्या चष्म्यावर उडवलं. केळं कुस्करलं, ते तिनं तळहातानं पाटावर सारवलं. मी दोष दातांना दिला, मग हवेला, मग चमच्याला. चमचा बदलून चांदीचा आणला, तेव्हा तिनं निदान तो वाजवला.

हे सगळं नांदेडला रोज कळत होतं. नांदेडला माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, मीही म्हणतो. बाळंतपण त्यांच्याकडंच झालेलं, त्यामुळं नातीचा जीव त्यांच्यात आणि त्यांचा नातीत. त्या फोनवर बायकोला म्हणाल्या, “दत्तजयंतीपतूर बगते. तवर सकाळचं खायला लागली तर लागली. न्हाईतर मी येऊन घिऊन जाते. वर्साची झाली की आणून सोडते.”

बायको ‘हाव’ म्हणाली आणि फोन ठेवून कितीतरी वेळ धुतलेली भांडी परत पुसत राहिली. नांदेड काही परदेशात नाही. सकाळी बसलं तर जेवायच्या आत पोचतो माणूस. आजीकडं वाढलेली लेकरं आमच्या नात्यात चिकार आहेत आणि सगळी धडधाकट आहेत. पण मला ते नको होतं. शाळेतून आल्यावर घरात मुलगी नाही, हे बायकोला सोसणार नव्हतं आणि मला तर त्याचा विचारही करवत नव्हता. मी तिला म्हणालो, “काही नेणंबिणं होत नाही. दत्तजयंतीला मामीच बघतील.” असं छातीठोक बोलायची सवय मला वर्गात लागलेली आहे.

मग मी मोबाइलवर अभ्यासाला बसलो. तिथं कळलं की आता जगभरच्या लेकरांना चमच्यानं भरवतच नाहीत. पुढं मऊ पदार्थांचे लांबट काप ठेवायचे आणि लेकरानं आपल्या हातानं उचलून खायचे. काप मोठ्या माणसाच्या बोटाएवढे हवेत. छोटे तुकडे नकोत, कारण या वयात मुठीत दडलेला तुकडा मूठ उघडून तोंडात घालणं त्यांना जमत नाही. काप मुठीच्या वर डोकावला पाहिजे आणि दोन बोटांत दाबल्यावर त्याचा सहज लगदा झाला पाहिजे. मीठ नको, साखर नको, मध तर नकोच. हे वाचून मला हायसं वाटलं. ती माझ्या हातून खात नाही ना, मग तिच्याच हातानं खाऊ दे. शिवाय यात दाबून बघणं, जाडी ठरवणं वगैरे प्रयोगशाळेचा वास होता.

मोबाइलवरची बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून एक हिरवं फळ कापायची. लोण्यासारखं मऊ, लेकरांना उत्तम. मी त्याचा फोटो घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेलो. फळवाल्यानं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि विचारलं, “ये क्या रहता सर? कच्चा आंबा है क्या?” मी त्याला त्या फळाचे गुणधर्म सांगितले. तो शांतपणे ऐकून घेत होता, गिऱ्हाईक होतो ना मी. शेवटी म्हणाला, “जाम लेके जाव. एकदम नरम है.” जाम म्हणजे पेरू. मी पेरू घेतले, ते आम्ही दोघांनी खाल्ले.

मग घरात होतं त्यावर आलो. रताळ्याचे काप वाफवले. गाजर इतकं शिजवलं की उचलताना वाकायचं. मुगाच्या डाळीचं धिरडं करून त्याच्या पट्ट्या कापल्या. इडलीच्या उभ्या फोडी केल्या. लाल भोपळा सालीसकट वाफवला, म्हणजे धरायला मूठ राहते. कापताना माझं बोट शेजारी ठेवून लांबी जुळवत होतो. पहिल्यांदा मी सुरीऐवजी विळी घेतली आणि लांबी जुळवता जुळवता बोटच कापून घेतलं. त्या दिवशी नाश्ता मुलीनं केला नाही आणि मीही केला नाही.

ताटलीत तीन काप मांडायचे, मुलीला उशीला टेकवून बसवायचं आणि समोर पाट घेऊन मी बसायचं, असा आमचा रोजचा वर्ग भरायला लागला. ती काप उचलायची, हे खरं. उचलून निरखायची, ओठापर्यंत न्यायची. आणि तिथून माझ्याकडं बघायची, आणि काप खाली ठेवायची. रोज हेच. अगदी ओठापर्यंत येऊन परत. तोंडात गेलाच तर क्षणात बाहेर. मी वेगळा काप द्यायचो. तोही परत.

घशात अडकायची भीती माझ्या मनात होतीच. लेकरं सुरुवातीला ‘ऑक’ करतात, ते नैसर्गिक असतं, आपण जवळ बसावं पण घाबरू नये, हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं. तीन ठिकाणी वाचल्यामुळं माझी भीती तिप्पट झाली होती.

एकदा मामींचा व्हिडिओ कॉल नेमका खाण्याच्या वेळी आला. मी कौतुकानं मोबाइल मुलीकडं वळवला, तर मामींनी स्वतःच्या डोळ्यांवर पदर ओढला.

“लेकरू खाताना असं टक लावून बगू न्हाई. दिष्ट लागती. पाठ करून बसावं.”

मी शिकवायला बसलेला माणूस. मी म्हणालो, “मामी, डोळ्यातून बाहेर काहीच पडत नाही. उलट प्रकाश डोळ्यात आत जातो. तेव्हा बघितल्यानं समोरच्याला काही होणं शक्य नाही.”

“हाव का,” मामी पदराआडून म्हणाल्या. “मग खाऊन राहिली का?”

खात नव्हती. मी ‘नेटवर्क नाही’ म्हणून फोन बंद केला.

बायको रोज मधल्या सुट्टीत विचारायची, खाल्लं का. मी रोज काहीतरी गोलमोल लिहायचो. एका सकाळी मुलीनं गाजराचा काप दोनदा ओठाला लावला आणि मला वाटलं, आज जमणार. पुरावा असावा म्हणून मी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून व्हिडिओ सुरू केला. गाजराचा खरोखरच थोडा भाग तोंडात गेला, मग बाहेर आला, पण गेला होता. मी व्हिडिओ न बघताच बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, आज प्रगती.’

उत्तर आलं नाही. संध्याकाळी चहा घेताना तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. “मधल्या सुट्टीत उघडला. सगळ्या बायका बघून राहिल्या होत्या,” एवढंच म्हणाली.

घाईत मी कॅमेरा उलटा लावला होता. व्हिडिओत मुलगी नव्हतीच. मीच होतो. कोपऱ्यात खाली एक गुबगुबीत मूठ आणि तिच्यात गाजर, एवढीच काय ती लेक. मूठ वर यायला लागली की माझं तोंड उघडायला लागायचं. मूठ जसजशी वर येई तसतसे माझे डोळे मोठे, भुवया कपाळावर, मान पुढं. ‘आं... आं... हं हं हं... बारीक, बारीक... अगं अगं अगं!’ आणि गाजर तोंडाशी पोचलं की मी पाटावरून अर्धा उठलेलो, एक बोट हुकासारखं वाकवून तयार. माझे कान हलतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मूठ थबके. खाली जाई. मी ढसकन खाली बसून असा सुस्कारा टाकी की बरणीला टेकलेला मोबाइल हले. हे अख्खा व्हिडिओभर.

बायको आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली.

“तुम्ही तिला खाऊ घालून राहिले का भेव दाखवून राहिले?”

मला हसू आलं नाही. सकाळी आई दिसेनाशी झाल्यावर आमच्या लेकीसमोर रोज हे तोंड यायचं. खाण्याची वस्तू तोंडाजवळ नेली की समोरचा माणूस किंचाळायच्या बेतात येतो, मग ही वस्तू धोक्याची असणार, असं तिनं ठरवलं तर तिचं काय चुकलं? प्रात्यक्षिक परीक्षेला मी शेजारी जाऊन उभा राहिलो की पोरांच्या हातून परीक्षानळ्या का फुटतात, याचाही उलगडा मला त्याच चहात झाला. इतकी वर्षं मी त्यांना वेंधळे म्हणत होतो.

कारण सापडलं की उत्तर सापडतं, असं मी शिकवतो. दुसऱ्या दिवशी मी निर्विकार चेहरा करून बसलो. तो पहिल्या घासापर्यंत टिकला. त्यानंतर कपाटातून जुना मास्क काढून लावला, म्हणजे निदान तोंड दिसणार नाही. मुलीनं मला ओळखलंच नाही. ती असा टाहो फोडून रडली की समोरच्या भाभी शिलाई मशिन सोडून धावत आल्या, मला मास्कमध्ये बघून म्हणाल्या, “सर, बीमार है क्या?” आणि पोरीला उचलून घेऊन गेल्या. मग मी पेपर उघडून त्यामागं लपलो. बराच वेळ शांतता होती. डोकावून बघितलं तर तिनं पेपरचा खालचा कोपरा फाडून चावायला घेतला होता. माझ्यासमोर तिनं मन लावून खाल्लेला पहिला पदार्थ अग्रलेख. तिच्या तोंडात बोट घालून तो मी काढला, तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल ते सांगायला नको.

असं करता करता दत्तजयंती आली आणि आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं मामी आल्या. एका पिशवीत हदगावच्या ज्वारीचं पीठ होतं, दुसरी पिशवी मोठी आणि रिकामी होती. ती कशासाठी आहे हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी दोरीवरची झबली काढून नीट घड्या घातल्या आणि त्या पिशवीशेजारी ठेवल्या. बायको त्या दिवशी स्वयंपाकात आमटीला फोडणी द्यायला विसरली. आम्ही तशीच जेवलो.

सकाळी बायको निघताना मुलीच्या टाळूवर हनुवटी टेकवून उभी राहिली. पिशवीकडं तिनं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. तिची रिक्षा गेली आणि मी स्वयंपाकघरात येऊन परात घेतली.

का कोण जाणे, त्या दिवशी मी मोबाइल बघितला नाही. मामींच्या पिठाचे धपाटे करायचं ठरवलं. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, किसलेला दुधी, जिऱ्याची पूड, मळायला ताक. गोळ्याचे दोन भाग केले. एकात तिखट, मीठ, लसूण, तीळ घालून आमच्यासाठी, दुसरा तसाच. मुलीचे धपाटे जाडसर थापले, झाकण ठेवून मऊ भाजले आणि माझ्या बोटाच्या मापानं पट्ट्या कापल्या. बोट तोपर्यंत भरून आलं होतं.

मग मी मामींना म्हणालो, “आज पाठ करून बसू या.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. जावई ताळ्यावर आला असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. डोळ्यातून काही बाहेर पडत नाही, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. माझ्या तोंडाबद्दल मात्र मला काही बोलायला जागा नव्हती.

मुलीला चटईवर बसवलं, पुढं ताटली ठेवली. मामी तिच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसल्या. मीही हाताच्या अंतरावर पाठ करून बसलो, समोर पिठाचा स्टीलचा डबा घेऊन. डब्याच्या पोटात मुलगी दिसत होती, ताणलेली, रुंद, नाक नसलेली, पण दिसत होती. आमच्या ताटल्या आमच्या पुढं. आम्ही जेवायला लागलो.

“गाडीला लई गर्दी होती,” मामी भिंतीला म्हणाल्या.

“लोह्यापर्यंत असतेच,” मी डब्याला म्हणालो.

डब्यात एक हात वर गेला. माझं तोंड उघडायला लागलं, तसा मी त्यात धपाटा कोंबला. पुन्हा हात वर, पुन्हा कोंबला. त्या दिवशी मी किती खाल्ले त्याचा हिशेब नाही, तोंड रिकामं राहू द्यायचं नाही एवढंच धोरण होतं. मागून ओला, चपचप आवाज येत होता. मग एकदम ‘ऑक’. मी उठलोच.

“बसा,” मामी मान न वळवता म्हणाल्या.

मी अर्धवट उठलेला, मान तिरपी करून बघितलं. चेहरा लाल नव्हता, श्वास चालू होता. तिनं जिभेनं घास पुढं ढकलला, हातात घेऊन बघितला आणि परत तोंडात घातला. मी बसलो. मामी गाडीतल्या कंडक्टरचं काही सांगत होत्या, ते मी ऐकलं नाही.

मग आवाज थांबला. डब्यात बघितलं तर चटईवर कोणी नव्हतं. मी वळणार, तेवढ्यात माझ्या मांडीवर काहीतरी ओलं, चिकट टेकलं. ती रांगत आली होती, माझी मांडी धरून उभी राहायच्या खटपटीत होती. मागं ताटलीत नुसता चुरा उरला होता. एका मुठीत शेवटची पट्टी होती, अर्धी चघळलेली, आणि ती मूठ माझ्या तोंडासमोर आली होती. डोळे वटारलेले, भुवया पार कपाळावर, मान पुढं काढलेली, तोंड सताड उघडं.

“आं,” ती म्हणाली. “आं... आं...”

मोबाइलमधलं माझं तोंड. हुबेहूब. कान तेवढे हलत नव्हते.

मामींनी वळून बघितलं. आधी नातीचं तोंड बघितलं, मग ताटली, मग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

“अगं माय. ही तर तुमच्यावाणीच करून राहिली,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, झबल्यांची घडी उचलून कपाटात नेऊन ठेवली. रिकाम्या पिशवीची घडी घालता घालता म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. नांदेडला हिच्यासाठी असलं तोंड करणारं कोण हाय?”

बायकोला कळवायला हवं होतं, पण हात मोकळे नव्हते. लेक मुठीतली पट्टी घेऊन थांबली होती. माझं तोंड उघडलं नाही तशी तिनं भुवया आणखी वर नेल्या.

मी तोंड उघडलं. तिनं पट्टी आत घातली, बोटांसकट, आणि टक लावून बघत राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या दिवसांत तिच्यासाठी केलेलं मी एकदाही चाखून बघितलं नव्हतं. त्याला कसलीच चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, ओलं पीठ आणि तिची लाळ. तोंड जराही वाकडं न करता मी ते सगळं चावून खाल्लं, कारण ती बघत होती.